पडीक

१२ जानेवारी

पडीक! जुन्या मोजणीच्या वहीत टेकडीपुढे एवढंच लिहिलंय. जमिनीचा प्रकार — पडीक. शाई विटलीय, पण ‘ड’ची ती लांब शेपटी मी कुठेही ओळखीन. माझ्या शाळेच्या वह्यांवर इयत्ता-तुकडी बाबाच घालायचे.

मॅडम, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुख, म्हणाल्या, “चांगला गवतानं भरलेला माळ होता इथे. कुठल्या शहाण्यानं पडीक लिहिलं, देव जाणे! त्या एका शब्दापायी सगळ्या टेकडीवर निलगिरी लावली.”

मी मान डोलावली. तो शहाणा घरी जेवायला माझी वाट पाहत बसला होता.

१३ जानेवारी

सांगितलं नाही. मॅडमना नाही, बाबांनाही नाही.

२१ जानेवारी

ठरलं. निलगिरी टप्प्याटप्प्यानं काढायची, माळ परत आणायचा. काम माझ्याकडे! झाडांखाली काही उगवत नाही, पायथ्याचा झरा आटलाय, माती वाहून चाललीय — अहवाल मीच लिहिलाय ना.

आणि बाबा? नजर गेल्यापासून गॅलरीत बसून त्याच झाडांची सळसळ ऐकतात. आल्यागेल्याला सांगतात, “टेकडी हिरवी झाली ती माझ्या सहीनं.” निवृत्त मोजणीदारानं दुसरं काय मिरवायचं?

११ फेब्रुवारी

पहिली चाळीस झाडं आडवी. करवतवाले मामा म्हणाले, “ताई, तुम्ही झाडं वाचवणाऱ्या खात्यातल्या ना?” हसून वेळ मारून नेली.

घरात पाय ठेवते न ठेवते तोच — “आज वारा कमी आहे का गं?”

“पडलाय, बाबा.”

खोटारडी!

२ मार्च

“त्या वाऱ्याला एकदा डॉक्टरकडे ने,” बाबा म्हणाले. “तीन आठवडे झाले, अंगात जीवच नाही त्याच्या.” मी खो-खो हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१८ मार्च

मूळच्या गवताचं बी हवंय. जुन्या दफनभूमीच्या कुंपणालगत थोडं उरलंय. गुडघे टेकून ओंजळी-ओंजळीनं गोळा केलं. त्या वासानं एकदम आठवलं — पाच वर्षांची असताना मी टेकडीवरच्या त्या माळावर हरवले होते. घरात तो विषय कधी निघत नाही. मला तर भीती आठवतच नाही! डोक्यावरून गेलेलं गवत आठवतं, आणि खळग्यातली तित्तराची सात अंडी. मी त्यांची राखण करत बसले होते.

३० जुलै

उगवलं! उगवलं! उगवलं!

२३ सप्टेंबर

बाबांना टेकडीवर नेलं. आणखी खोटं बोलवेना. हात धरून गवतात उभं केलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं — वही, ‘ड’, कापलेली झाडं, पडलेला वारा. त्यांनी पात्यांवरून हात फिरवला. कुठेतरी तित्तर ओरडला. बाबा एवढंच म्हणाले, “घरी चल.”

२४ सप्टेंबर

बोलत नाहीत. समोरचा चहा गार झाला, हात लावला नाही. त्यांच्याकडे ती एकच गोष्ट होती, तीही मी कापून आले. माझंच चुकलं. काम बरोबर आहे, पण माझं चुकलं.

२५ सप्टेंबर

सकाळी स्वतःहूनच बोलले. मी हरवले त्या दिवशी सूर्य उतरेपर्यंत ते गवतात हाका मारत फिरत होते. हातभर अंतरावरचं दिसेना. मी सापडले. दुसऱ्याच दिवशी त्या टेकडीची वही पुढ्यात आली. “गवताळ लिहायचं होतं गं. मला काय कळत नव्हतं? पण हात वळला नाही.”

त्यांचा हात धरून बसले.

बाबांनी विचारलं, “गवत आता केवढं झालंय?”

“माझ्या खांद्याएवढं.”

“मग आत शिरलीस की हाक देत राहा. मी इथे ऐकतोय.”