पिवळे बुश

चंद्रपूर, १४ डिसेंबर १९८७

आईचं ओरडणं अजून कानातून जात नाई. विहिरीवर घसरून कंबरेचं हाड मोडलं. अहेरीहून इथवर दवाखान्याच्या जीपमध्ये आडवी घालून आणली, डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याले ती ओरडे.

आणि त्या जीपचे बुश मीच बसवलेले.

पावसाळा संपल्यावर मी मेकॅनिक आहे त्या वर्कशॉपात दोन जीपा आल्या, एक आमच्या साहेबाची, एक दवाखान्याची. दोन्हींच्या स्प्रिंगच्या कमानपाट्यांचे बुश, म्हणजे टोकाले धक्का सोसणाऱ्या गोल चकत्या, खलास. रबरी संच एकच होता. दुसरा नागपूरहून आलेला, पॉलीयुरेथेनचा, पिवळा, नखही रुतत नाई असा. रबर धक्का गिळते, पण आमच्या रस्त्यावर लवकर फाटते. पिवळा फाटत नाई, धक्का मात्र जसाच्या तसा वर पाठवते. मले ठाऊक होतं हे. तरी साहेबाची पाठ दुखते म्हणून रबरी त्याले दिले. त्यानं मागितलेही नव्हते! पेशंट काय, एकदाच बसते, असं मीच बोललो होतो.

आष्टीजवळ आईनं विचारलं, "बापू, या गाडीले स्प्रिंगच नाई का रे?" ड्रायव्हरवरच खेकसलो, हळू चालव म्हणून.

संध्याकाळी त्यानंच चहा पाजला. म्हणे, "भाऊ, तुमचे पिवळे बुश लय पक्के निघाले. जराही घासले नाई. बाईले सुट्टी झाली की निरोप द्या, न्यायले हेच गाडी घेऊन येतो."