तिवरांच्या उद्यानातल्या तीन पायऱ्या

शनिवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आईने वसईच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. माझ्याकडे अबू धाबीला आल्यावर तिने एकच मागितलं, खाडीकाठचं तिवरांचं उद्यान बघायचं. आज तिला व्हीलचेअरवर घेऊन गेलो, तर लाकडी पुलाच्या तोंडाशीच तीन पायऱ्या. फक्त तीन! बाजूला उतार नाही.

गार्ड म्हणाला, "मॅडम, रॅम्प बनेगा, इन्शाल्ला." कधी? त्याला तरी काय माहीत! उचलून नेऊ म्हटलं, तर आई म्हणाली, "मी काय सामान आहे का गं?" तीन पायऱ्यांपायी अख्खी खाडी तिला बंद.

शेवटी गार्डनेच आतून गळलेलं एक पान आणून दिलं. आईने ते माझ्या लेकीला चाटायला लावलं.

"आजी, इट्स सॉल्टी!"

मग पार्किंगमध्येच, गाड्यांच्या मधे, झाड मीठ बाहेर कसं टाकतं याचा तास सुरू झाला. आई खुशीत. मी मात्र रडायच्या बेतात.

घरी येऊन तक्रार लिहायला बसले, तर आई म्हणते, "नको गं, त्या माणसाची नोकरी जाईल."

गार्डचा उल्लेख न करता पाठवली. आईला सांगितलेलं नाही.