काळ्या चिठ्ठीचा खुलासा

परममित्र सावळीराम यास,

तुझ्या दिवंगत मित्राचा, म्हणजे फकिराचा, जिवंत नमस्कार. गुडघा कसा आहे? घोटीला पाऊस उघडला का? आणि माझ्या दशक्रियेसाठी गाडी ठरवली असशील तर ती आधी रद्द कर.

शाळेच्या ग्रुपवर तू मला वाहिलेली श्रद्धांजली मी तीनदा वाचली. ‘कविता म्हणावी तर फकिरानेच, चौथीत मला मिळालेलं पहिलं बक्षीस खरं त्याचं होतं’ हे वाक्य तर चष्मा पुसून वाचलं. (साठ वर्षं लागली रे तुला!) आता झालं काय ते ऐक.

गोदावरीला पूर आला तर लष्कराने आणि महसूलवाल्यांनी मिळून काम कसं करायचं, याची आमच्या मळ्यांत रंगीत तालीम होती. बुडालेले म्हणून गावचीच माणसं हवी होती, मी हात वर केला. नावेतून काढल्यावर जवान प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी अडकवतात: लाल म्हणजे गंभीर, हिरवी म्हणजे चालता येणारा. मला काळी मिळाली, म्हणजे मयत. वाईट वाटलं नाही. शाळेच्या ओट्यावर आडवा पडलो, वर ढग निवांत चालले होते, आणि चौथीतली नदीची कविता आपसूक ओठांवर आली. सुभेदारसाहेब धावत आले. “बाबा, आप डेड हो. चुप रहो!”

पुढे घोडं अडलं. सुभेदार म्हणाले, माणूस वाचवणं आमचं, मयत ताब्यात घेणं सिव्हिलचं, म्हणजे महसूलवाल्यांचं. नायब तहसीलदार रूपालीताईंच्या यादीत तर ‘वाचवलेले’ एवढाच रकाना. दोघांनी आपापल्या वरिष्ठांना फोन लावले आणि उत्तर येईपर्यंत पिठलं-भाकरीला एका पंगतीत बसले. (सहकार्य म्हणतात ते हेच. पिठलं उत्तम होतं, वासावरून सांगतो.)

तेवढ्यात शेजारची लंकाबाई आली. तालीम आहे हे तिला ठाऊक होतं, पण बिनफुलाचं मयत तिला बघवेना. माझ्याच मळ्यातल्या झेंडूचा हार तिने माझ्या गळ्यात घातला. मी हळूच म्हटलं, अगं, तोडलीस तर तोडलीस, पण ती मोठी फुलं कशाला?

“मेलात ना तुम्ही, फकिराभाऊ? मग गप पडा!”

माझा फोन पुतण्या योगेशकडे होता. त्याने फोटो काढून हौसेने आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली ‘तालीम’ लिहायचं तेवढं राहिलं. चार वाजता रूपालीताईंनी पट्टीने नवा रकाना आखला, सुभेदारांनी ‘दिला’ म्हणून सही केली, ताईंनी ‘घेतला’ म्हणून, आणि मी उठून चहा प्यालो.

तुझा,
फकिरा

ता. क. हा खुलासा फक्त तुलाच. ग्रुपवर अजून कळवलेलं नाही. तुझ्या त्या वाक्याखाली अकरा जणांनी हात जोडलेत, ते पुसू नकोस.

ता. ता. क. बक्षिसाचा पितळी पेला तुझ्याच कपाटात आहे. जिवंत माणसाला द्यायला जड जात असेल तर कळव. दिवाळीआधी दुसरी तालीम आहे, मी पुन्हा काळी चिठ्ठी मागून घेतो.