बाबांचे हात

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

बब्रुवानकाकांकडं सत्यनारायण होता, पूजा सांगायला बाबा. सुपारीला गुंडाळलेला दोरा सोडवताना बाबांच्या हाताची कातडी फाटली. साध्या दोऱ्यानं!

पुढं तीर्थ देताना काकांच्या सुनेनं पुढं केलेला हात मागं घेतला. बाबांनी पळी क्षणभर तशीच धरली, मग पुढच्या माणसाला तीर्थ दिलं.

घरी येऊन मी त्यांचे हात उजेडात धरले. मागची बाजू कागदासारखी पातळ, चिरा, लाल चट्टे. एक्झिमा जुना आहे, हे माहीत होतं. हे माहीत नव्हतं. मी फार्मासिस्ट. दर रविवारी गावी, बेंबळीला येते — आणि हात बघितले नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आठवड्याची रजा टाकली. बाबांना धाराशिवला त्वचेच्या डॉक्टरकडं नेलं, डॉ. शबनमकडं. त्यांनी विचारलं, काका, काय लावता? बाबांनी खिशातून ट्यूब काढली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टिरॉइड, तिन्ही एकत्र!

"किती दिवस?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील. लई गुण येतो."

कुणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. "आठवत नाही," बाबा म्हणाले. पंचांग तोंडपाठ असलेला माणूस!

डॉक्टर म्हणाल्या, हा आजार लागत नाही, तीर्थ घेणाऱ्याला काही होत नाही. कातडीत ओलावा टिकत नाही, म्हणून ती फाटते. स्टिरॉइड वाईट नाही, पण किती कडक आणि किती दिवस, ते ठरवून. ही ट्यूब बंद. आधी त्रास वाढेल. घाबरून परत लावायची नाही, माझ्याकडं यायचं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाबा हात किती वेळा धुतात, ते मोजलं. पहाटेपासून दुपारपर्यंत एकतीस वेळा. सोवळ्यात कुणी शिवलं की साबण. पूजेची तांब्याची भांडी चिंच लावून स्वतःच घासतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. वर म्हणे खाज का सुटते!

नवे नियम: साबण कमी, भांडी आई घासणार, हात ओले असतानाच पेट्रोलियम जेली. आई म्हणाली, तीस वर्षं मी भांडी मागतेय, आता डॉक्टरीणबाईंनी मिळवून दिली. बाबांचा एकच प्रश्न — यात चरबी नाही ना? नाही. खनिज तेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हात भाजल्यासारखे लाल. दोन यजमानांना बाबा नाही म्हणाले. आई म्हणते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी ट्यूब मागितली. दिली नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उद्या बोलावलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सौम्य मलम दिलं. दहा दिवस. आकडा मी अधोरेखित केला.

परतताना गावातल्या औषधाच्या दुकानात गेले. अल्ताफभाई मला शाळेपासून ओळखतात. तरी सोडलं नाही. चिठ्ठीशिवाय हे औषध बाबांना वर्षानुवर्षं देता? तक्रार करीन, असं मी म्हणाले. ते चिडले नाहीत.

"ताई, चिठ्ठी बघूनच देतो. पंत दरवेळी दाखवतात." माझ्याकडं बघत राहिले. "घरी जाऊन बघा एकदा."

म्हणजे कुणीतरी लिहून दिलंय. असल्या माणसाचा परवाना काढून घेतला पाहिजे!

रविवार, ९ फेब्रुवारी

चिठ्ठी सापडली. पंचांगात. दर पाडव्याला जुन्यातून नव्यात जाते, आई म्हणाली. बाबांनी चिठ्ठीला प्लॅस्टिक लावून घेतलंय.

ट्यूबचं नाव. ‘रोज दोनदा, पातळ थर.’ किती दिवस, ते लिहिलेलं नाही.

अक्षर माझं आहे. तेव्हा मी फार्मसी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

आणि बाबा म्हणाले होते, आठवत नाही.