वाटीची पाणसळ

नाना,

तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं अंगणात उभ्या असलेल्या तुमच्या मोटारसायकलचा सांगाडा अखेर भंगारात गेला. हँडलखालच्या मानेपाशी इतका गंजला होता की वेल्डरनेही हात टेकले. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, इंजिनपण देऊन टाक." मी नाही दिलं. तुमचा फोटो घरात आहे, आवाज कुठेच नाही. पंचवटीतल्या आपल्या गल्लीत ती फटफट वळली की आई तवा ठेवायची. तो आवाज मला एकदा पुन्हा ऐकायचा होता, बस.

म्हणून नाशिक रोडच्या त्याच वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतला आणि इंजिन त्यावर बसवलं. पेट्रोल सोडलं तर कार्ब्युरेटरमधून धार लागली. किका मारून माझी पोटरी भरून आली. वेल्डरने इंजिनाच्या बुडाला पाणसळ लावून दाखवली. "बुडबुडा बघा ताई, एकदम मधोमध हे. लेव्हलचा काय प्रॉब्लेम नाय. इंजिनच गेलंय तुमचं." मला रडू यायचंच बाकी होतं.

आणि एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी कॉलेजातून घरी येते तर ओट्यावर इंजिन, शेजारी कणकेची परात. कुणा द्राक्षवाल्याच्या फवारणी पंपाला तुम्ही मोटारसायकलचं इंजिन बसवून देणार होतात, आणि तुमच्या गॅरेजची फरशी उताराची, म्हणून स्वारी थेट ओट्यावर. आई कमरेवर हात ठेवून उभी. "पाहुणे जेवायला बसलेत का? पाट मांडू?" तुम्ही इंजिनाच्या मागच्या बाजूला फळकुटं सरकवता, वाकून बघता, पुन्हा एक काढता. मी शहाणपणा करते, "नाना, तिरकं झालंय."

"होऊ दे. बूड काय बघते? वाटी बघ, वाटी." कार्ब्युरेटरच्या खाली पेट्रोल साठतं, ती छोटी वाटी. "गाडीत इंजिन तिरकंच बसतं, पण वाटी सरळ राहते. ती कलली की पेट्रोल वाहतं. पाणसळ वाटीच्या काठाला लावायची. बाकी दिसू दे कसंही, त्याला काय बोहल्यावर चढायचंय?"

आई हसली आणि भांडण तिथेच मिटलं. तुमच्या हाताखाली वाकडं काम सरळ व्हायचं आणि वाकडं माणूससुद्धा. मला अजून ते जमत नाही, नाना.

वेल्डरला बोल्ट सैल करायला लावले. मागे पट्ट्या सारल्या, वाटीच्या काठाला पाणसळ धरून बुडबुडा मधे आणला. इंजिन चांगलंच पुढे झुकलं. "आता तर वाकडंच बसलं," तो कुरकुरला. पण धार थांबली होती. दुसऱ्या किकला सुरू झालं.

तोच आवाज. मधूनच अडखळणारा, मग सावरणारा. वेल्डर म्हणाला, "मानलं तुमच्या वडलांना." मला इतका अभिमान वाटला, नाना.

जागेवर चालणाऱ्या इंजिनाला वारा लागत नाही, ते तापतं, लगेच बंद करायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. वेल्डर हात हलवत होता, "ताई, बंद करा, जाम होईल!" मी केलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून तुम्हालाच सांगते. आता तुम्ही मागून ओरडाल, याचीच मी वाट बघत उभी होते.