बोटीवरची अंगठी

पार्सिपनी,
एप्रिल २००६

आई,

मेक्सिकोला मैत्रिणींबरोबर जातेय, असं मी फोनवर सांगितलं होतं. गेले निमिषबरोबर. जानेवारीत आम्ही इथे कोर्टात लग्न केलंय. त्याची पत्रिका मी मागितलीच नाही.

तिथे वाळवंट थेट समुद्रापर्यंत येतं. पहिल्या दिवशी निवडुंगांच्या डोंगरात गरम झरे बघितले, दुसऱ्या दिवशी प्रवाळ बघायला गेलो. चमकत्या दागिन्यांना मासे चावतात म्हणून बोटवाल्यानं सगळे काढायला लावले. माझ्या मंगळानं नवऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून तू माझ्या बोटात घातलेली पोवळ्याची अंगठी मी पर्समध्ये टाकली. पाण्याखाली जिवंत पोवळी होती, तपकिरी, पिवळी. मला हसूच आलं.

दमून मी आधी बोटीवर आले. मागोमाग बाकीचे आले, निमिष दिसेना. इतकी वर्षं तुझ्याशी या अंगठीवरून भांडणाऱ्या मी पर्स उलटी केली, आधी अंगठी घातली आणि मग त्याला हाका मारल्या.

तो बोटीच्या पलीकडे होता. "अगं, कासव होतं! एवढी काय घाबरलीस, यार?"

अंगठी अजून बोटात आहे. काढायला गेलं की हात थांबतो. तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता.

मुग्धा