पितळी डबीतला धूर

३ जानेवारी

आलो एकदाचा मुरादाबादला. धुकं इतकं दाट, की रिक्षावाल्याने मला दोनदा परक्याच दारात उतरवलं. दोन्ही घरांनी आधी चहा विचारला आणि मग पत्ता सांगितला. अशा गावात म्हाताऱ्याचं मन रमणारच.

खोली रूमानाने, माझ्या लेकीने, लखनौहून फोनवर ठरवली. छातीचा दवाखाना जवळ, म्हणून. ती शिकवते त्या शाळेच्या परीक्षा उरकल्या की ती येईल आणि मला कायमचं आपल्या घरी नेईल. तिची आई गेल्यापासून मला माझं म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे.

घरमालक शफाअत पूर्वी पितळेवर नक्षी कोरायचा. आता मेलेले कॉम्प्युटर फोडून त्यांतलं जे चालतं ते विकतो. अंगणात हिरव्या बोर्डांचे ढीग, विड्याच्या पानांसारखे एकावर एक रचलेले. माडीवर त्याचे वडील, उस्ताद नजाकत. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्त साकळलं, तेव्हापासून ना वाचा, ना ओळख. शफाअतची बायको शाइस्ता म्हणाली, बरं झालं मास्टरसाहेब, घरात एक तरी बोलणारा म्हातारा आला.

७ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, हुक्का ठेवा नाहीतर फुप्फुस ठेवा. तोंड पाडून घरी आलो. शफाअत हसला. चाचा, हुक्का म्हणजे बायकोच, पहिलीवाचून करमत नसेल तर दुसरी करा, विजेची! दुकानात वेप, म्हणजे विजेची सिगारेट, विकायला बंदी आहे, पण भंगारात काय नसतं?

आणि लगेच मांडी ठोकून बसला. लॅपटॉपच्या बॅटरीतून अजून धुगधुगी असलेलं एक नळकांडं काढलं. बिघडलेल्या बोर्डावरून विजेचा खटका उकलून घेतला, कुठल्याशा कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण बसवलं. तारेचं वेटोळं, त्यात कापूस, कापसावर ग्लिसरीन आणि वेलचीचा अर्क. तंबाखूचा कण नाही. बटण दाबलं की तार तापते, वाफ येते. हे सगळं पितळी डबीत, वर त्याने स्वतः कोरलेली द्राक्षवेल. शेवटी नखाएवढी हिरवी चकती आत सरकवली. ही कशाला, विचारलं. म्हणाला, स्मरणाची आहे, तुम्ही किती ओढता ते लक्षात ठेवते.

१० जानेवारी

सकाळचं कोवळं ऊन, अंगणात खाट, ओठांत वेलचीची वाफ. चांदपूरची शाळा डोळ्यांपुढे आली. तुतीच्या झाडाखाली दुसरीचा वर्ग, सगळ्यांची बोटं जांभळी. मोठ्याने म्हटलं:

नदी म्हणाली काठाला, चल माझ्यासंगे गावा;
काठ म्हणाला, मी गेलो तर कुठे तुझा विसावा?

शफाअत म्हणाला, चाचा, इंजिन झालात की, शिट्टी तेवढी राहिली!

डबी तो दिवसाआड साफ करायला नेतो. माडीवर नेतो. म्हणतो, तिथे उजेड चांगला. अंगणात ऊन असताना माडीवर कसला आलाय जास्त उजेड? असो.

१४ जानेवारी

एक विचित्र गोष्ट. नदी काठाला काय म्हणाली ते आठवतं. काठ काय म्हणाला, ते नाही. उभा जन्म ही कविता शिकवली मी. इथे वर लिहिलेली वाचली, तर कुणा दुसऱ्याची वाटली.

शाइस्ताला सांगितलं. वय झालं, चाचा, म्हणाली. पण मान वर केली नाही, आणि माझ्या ताटात न मागता मटणाचा आणखी एक तुकडा वाढला. हे लोक माझ्याशी इतकं गोड का वागतात?

१७ जानेवारी

दुपारी माडीवरून आवाज आला. घोगरा, पण 'तर'पाशी थांबण्याची लकब माझी. मी गेलो तर — कुठे तुझा विसावा?

शफाअत म्हणाला, रेडिओ असेल. या घरात रेडिओ नाही.

१८ जानेवारी

वर गेलो. माझ्या डबीची जुळी बहीण तिथे, तीच द्राक्षवेल. शफाअतने माझ्या डबीतली चकती काढून तिच्यात घातली आणि नळी बापाच्या ओठांना लावली. उस्तादांनी वाफ सोडली. माझ्याकडे वळून विचारलं, चांदपूरच्या तुती पिकल्या का हो यंदा?

कुठल्या तुती? मला काही कळलं नाही. मागची पानं चाळली, मग कळलं.

१९ जानेवारी

शफाअतने पाय धरले. रडला. चाचा, तुमच्याकडे आठवणींचा ढीग आहे, अब्बांकडे काहीच नव्हतं. काल ते मला 'बेटा' म्हणाले. थोडं दिलंत तर काय बिघडतं?

डबी नाल्यात फेकली. शाइस्ताने धुऊन, पुसून उशाशी आणून ठेवली.

रूमानाला फोन केला. परवा पोचते अब्बा, जपा, म्हणाली.

लहानपणापासून तिला ज्या लाडक्या नावाने हाक मारतो, ते इथे लिहिणार नाही. शफाअत ही वही वाचत असणार. ते नाव मनातच घट्ट धरून बसायचं. एवढं एक राहिलं तरी पुरे.

२० जानेवारी

मी बटण दाबत नाही. डबी आपोआप फुसफुसते. शफाअत म्हणतो, खटका चिकटला असेल, जुना माल. मग काढून टाक म्हटलं, तर उठून गेला. स्क्रू माझ्याने निघत नाहीत. खोलीभर वेलची. श्वास तरी किती रोखू —

निघून जायला बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. कुठे जायचं? शेजाऱ्यांनी हात धरून परत आणलं. शफाअतभाई, मुबारक हो, म्हणाले, तुमचे अब्बा चालायला लागले!

शफाअतने 'नाही' म्हटलं नाही.

२१ जानेवारी

माझ्या खोलीच्या दारावर थाप. बाई आहे कुणी. म्हणते, अब्बा, कडी काढा, मी आले. आवाज गोड आहे. शाइस्ताचाही गोडच होता. शफाअतची नवी युक्ती — उघडणार नाही —

रडते आहे. मागची पानं वाचली. रूमाना — लेक. तीच असेल तर? ते नाव घेऊन हाक मारावी. ओ दिली, तर तीच.

नाव —

माडीवरून कुणी हाक मारतंय. तेच असणार ते नाव. मला ओळखीचं वाटलं नाही, पण बाई गप्प झाली. आता म्हणाली, आले अब्बा.

जिना चढते आहे. तिला थांबवायला हवं. थांब — थांब गं —